म्हातारी मंडळी रत्नागिरीला जातात

हिंजवडीचे नाव आता लांबलांबचे लोक घेतात. संगणकाच्या कंपन्या आल्या, काचेच्या उंच इमारती झाल्या, रस्त्यावर मोटारींची रांग लागली. पण या धड्यातली मंडळी त्या इमारतींतली नव्हेत, त्या इमारतींच्या आधीची आहेत. कोणी खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात तीस वर्षे काढली. कोणी पिंपरीच्या कारखान्यात पाळीवर गेले. एक जण शाळेत शिपाई होते, एक एसटीच्या वर्कशॉपात फिटर होते. बाकीचे शेतकरी. शेतकऱ्याला निवृत्तीची तारीख नसते. गुडघे बोलू लागले म्हणजे तो निवृत्त झाला असे समजायचे. बायांचे तर तेही नाही.

आम्ही चौदा जण होतो. नऊ पुरुष आणि पाच बाया. सर्वांत लहान एकसष्ट वर्षांचे, सर्वांत थोर अठ्ठ्याहत्तरचे. आळंदी, देहू, पंढरपूर, जेजुरी सगळ्यांनी पाहिलेली. पंढरीची वारी तर काहींनी वीस वीस वेळा केलेली. पण चौदांतल्या नऊ जणांनी समुद्र पाहिला नव्हता. पुण्यापासून समुद्र काही फार लांब नाही. सह्याद्री ओलांडला की कोकण. तरी जन्म गेला आणि जाणे झाले नाही.

म्हातोबाच्या देवळात बसून बेत ठरला. लगेच नाही ठरला, तीन बैठका झाल्या. एका आजोबांचे म्हणणे, "समुद्र बघून काय प्वाट भरतंय व्हय? त्यापरीस पोरांला चार पैसं द्या." दुसरे म्हणाले, "पोरांला जल्मभर दिलं. आता पाय हायेत तवर चला." घरोघर मुलांनीही आडवे घेतले. वाटेत काही झाले तर कोण बघणार, हा त्यांचा प्रश्न. प्रश्न खरा होता. त्याचे उत्तर तयारीत शोधावे लागते, म्हणून तयारी कशी केली ते आधी सांगतो.

पहिली गोष्ट भाड्याची. राज्य परिवहनाच्या, म्हणजे एसटीच्या गाडीत ज्यांचे वय पासष्ट ते पंचाहत्तर आहे त्यांना अर्धे तिकीट पडते. पंचाहत्तर पुरी झाली की 2022 सालच्या ऑगस्टपासून तिकीटच नाही. बायांना 2023 सालच्या मार्चपासून कोणत्याही वयात अर्धे तिकीट आहे. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीत चालते. वयाचा पुरावा जवळ हवा. कोणते कार्ड चालते हे निघण्याआधी डेपोत जाऊन विचारावे, कारण नियम अधूनमधून बदलतात. रेल्वेत म्हाताऱ्यांना पूर्वी सवलत होती, ती 2020 साली बंद झाली. म्हणून आम्ही एसटीनेच जायचे ठरवले.

दुसरी गोष्ट कागदांची. आमच्यातल्या एक बाई, सारा गाव त्यांना आक्का म्हणतो, दोन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गाला येऊ लागल्या. वय अडुसष्ट. त्यांनी प्रत्येकासाठी एक चिठ्ठी लिहून घ्यावी असे सुचवले. चिठ्ठीत नाव, गाव, आजार, चालू असलेल्या गोळ्यांची नावे आणि घरचा फोन. गोळ्यांची नावे इंग्रजीत असतात. त्यांनी औषधाच्या दुकानदाराकडून ती मराठी अक्षरांत वाचून घेतली आणि तशीच उतरवली. चौदापैकी सहा चिठ्ठ्या त्यांच्या हातच्या होत्या. अक्षर मोठे, थोडे वाकडे. काही जण हसले. "आक्का, आमी काय शाळंतली पोरं हाय का, गळ्यात चिठ्ठी बांधाया?" पण खिशात मात्र ठेवली सगळ्यांनी.

माघ महिन्यात निघालो. थंडी ओसरत आलेली, पाऊस नाही, समुद्रही शांत. म्हाताऱ्या माणसाला कोकणात जायला हे दिवस चांगले. आंबा खायला मिळत नाही हे खरे. तेव्हा झाडांना नुसता मोहोर असतो.

स्वारगेटहून कोल्हापूर. अंबाबाईचे दर्शन झाले. तिथून आजऱ्यावरून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी. घाटात दोघांना मळमळले, त्यांना पुढच्या बाकावर बसवले. सावंतवाडीला लाकडी खेळणी आणि रंगीत फळे बनवतात. ती इतकी हुबेहूब असतात की एका आजोबांनी लाकडाचे सीताफळ दाबून पाहिले. मग वेंगुर्ले, मग मालवण.

मालवणला होडीत बसून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. शिवाजीमहाराजांनी 1664 साली कुरटे नावाच्या बेटावर हा किल्ला बांधायला घेतला. चहूकडे खारे पाणी, आणि आत तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशी त्यांची नावे. शेतकरी माणसाला तट आणि बुरूज यांपेक्षा विहिरीचे नवल जास्त. आमचे लोक विहिरींभोवतीच अर्धा तास उभे. इथे पावसाचे पाणी जमिनीत मुरते. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते, म्हणून ते वर तरंगून राहते. बेताने उपसले तर गोडे मिळते, हावरेपणाने उपसले तर खालचे खारे वर येते. आमच्या गावच्या बोअरचीही गोष्ट काही वेगळी नाही, फक्त तिथे खाली खारे पाणी नाही, नुसता कोरडा दगड आहे.

पुढे देवगड, विजयदुर्ग, राजापूर. ते सांगत बसलो तर धडा संपायचा नाही. पावसला स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीपाशी एक रात्र राहिलो. त्यांनी ज्ञानेश्वरी सोप्या अभंगांत आणली, तिचे नाव अभंग ज्ञानेश्वरी. वारकरी मंडळींचा पाय तिथून निघेना. दहाव्या दिवशी रत्नागिरीला पोचलो. इथे दोन दिवस राहून बाराव्या दिवशी सकाळच्या गाडीने घरी, असे ठरले होते. गाडीचे रिझर्वेशनही झाले होते.

रत्नागिरी हे टेकड्यांचे शहर आहे. सपाट रस्ता थोडा. बाजारातून निघावे तर चढ, बंदरावर जावे तर उतार. टेकड्या तांबड्या, घरेही तांबड्या दगडाची. त्या दगडाला जांभा म्हणतात. खाणीतून त्याचे चौकोनी चिरे कापून काढतात आणि त्यांच्याच भिंती रचतात. जांभ्याचे सडे समुद्रापर्यंत येतात आणि पाण्यात नाकासारखे पुढे घुसतात. त्या नाकाच्या आडोशाला वारा आणि लाट कमी. तिथेच जहाजाला उभे राहता येते. सपाट वाळूच्या किनाऱ्यावर बंदर होत नाही, म्हणून डोंगर आणि बंदर यांची जोडी असते. रत्नागिरीत रत्नदुर्ग किल्ला अशाच एका नाकावर आहे. त्याच्या आडोशाला भगवती बंदर. जवळच मिरकरवाड्याचे मासळीचे बंदर. गावाच्या दक्षिणेला भाट्याची खाडी.

दुसऱ्या दिवशी एकादशी होती. सकाळी रत्नदुर्गावर भगवती देवीच्या दर्शनाला निघालो. रिक्षा बरीच वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या. आमच्यातले एक तात्या, आक्कांचे मालक, यांना दहा वर्षांपासून साखरेचा आजार आहे. पण एकादशी निर्जळी करायची हा त्यांचा बेचाळीस वर्षांचा नेम. त्या दिवशी त्यांनी काही खाल्ले नाही. रोजची साखरेची गोळी मात्र घेतली. गोळीपुरते घोटभर पाणी चालते, असा त्यांचा हिशेब.

देवळापासून थोड्या अंतरावर ते खाली बसले. अंगाला दरदरून घाम. हात थरथरत होते. काय होतंय विचारले तर म्हणाले, "बैलं सोडा, बैलं सोडा." बैल विकून पंधरा वर्षे झालेली. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले वारे. एक जण त्यांच्या डोक्यावर पाणी ओतू लागले.

आक्कांनी पिशवीतून गुळाचा खडा काढला. गावात साखरेच्या आजाराची तपासणी झाली होती, तेव्हा नर्सबाईंनी सांगितलेले त्यांच्या ध्यानात होते. तात्यांनी तोंड फिरवले. तेवढ्यातही त्यांना शुद्ध होती एकादशीची. आक्का म्हणाल्या, "पांडुरंगाला काय सांगायचं ते म्या सांगीन. तुमी आ करा." आणि गूळ तोंडात घातला. मग साखरेचे पाणी. दहा-पंधरा मिनिटांत घाम थांबला आणि तात्या माणसे ओळखू लागले.

इथे नीट समजून घ्या. साखरेच्या आजारात रक्तातली साखर वाढते, म्हणून गोळी देतात. ती साखर खाली आणते. पण पोटात अन्न नसेल आणि वर चढण चढली तर काही गोळ्यांनी साखर फार खाली जाते. घाम, थरथर, छातीत धडधड, बरळणे ही तिची लक्षणे. माणूस दारू प्यायल्यासारखा दिसतो. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर लगेच साखर, गूळ किंवा गोड सरबत द्यावे. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये, घशात अडकते. त्याला कुशीवर निजवून ताबडतोब दवाखान्यात न्यावे. एकशे आठ नंबरला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका येते, तिला पैसे पडत नाहीत. उपास करायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारून गोळीचे ठरवावे. गोळी घ्यायची आणि जेवायचे नाही, हे मात्र कधी करू नये.

तात्यांना बरे वाटले तरी रिक्षाने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी विचारले, गोळी कोणती? तात्या म्हणाले, "पांढरी." पांढऱ्या गोळ्या शंभर असतात. आक्कांनी तात्यांच्या खिशातून चिठ्ठी काढून पुढे केली. डॉक्टरांनी ती वाचली आणि म्हणाले की या गोळीचा असर दिवसभर टिकतो, साखर पुन्हा खाली जाईल, आज रात्री इथेच ठेवायला हवे. गोळीचे नाव कळले नसते तर कदाचित त्यांना लगेच सोडले असते, आणि रात्री लॉजवर सगळे झोपलेले असताना पुन्हा तसेच झाले असते. रात्री दोन वाजता साखर खरेच खाली गेली. तेव्हा ते दवाखान्यात होते, हाताला सलाईन होती.

चिठ्ठीवर डॉक्टरांनी विचारले, "ही कोणी लिहिली?" आक्का काही बोलल्या नाहीत. तात्याच म्हणाले, "आमच्या मंडळींनी."

आता प्रश्न सकाळच्या गाडीचा. त्या संध्याकाळी लॉजच्या ओसरीवर बैठक बसली. एकाच्या नातीचा साखरपुडा परवावर आलेला. एकाचे म्हणणे, आपण थांबून तात्यांना काय उपयोग, औषध तर डॉक्टर देणार. पैशाचीही बाब होती, दोन दिवस वाढले तर चौदा जणांचे राहणे-जेवणे वाढते. शाळेत शिपाई होते ते फारसे बोलत नाहीत. ते म्हणाले, "वारीत दिंडी सोडून जातो का आपण? कुणाचा पाय मुरगाळला तर गाडीवर घेतो त्याला." तरी आम्ही हट्ट केला नाही. साखरपुड्याच्या घरचे नवराबायको सकाळी गेले आणि जाताना सगळ्यांच्या घरी निरोप घेऊन गेले. बाकीचे थांबले. त्यांची तिकिटे आधी रद्द केली, म्हणून थोडे पैसे कापून बाकीचे परत मिळाले. गाडी सुटून गेल्यावर गेलो असतो तर काही मिळाले नसते.

असे दोन दिवस जास्तीचे मिळाले, आणि रत्नागिरी खरी पाहिली ती त्या दोन दिवसांत.

मिरकरवाड्याला पहाटे गेलो. नौका येऊन लागत होत्या. टोपल्यांमागून टोपल्या उतरत होत्या, बांगडा, सुरमई, कोळंबी. बाया ओरडून लिलाव करत होत्या. आमच्या माळकरी मंडळींनी नाकाला पदर आणि उपरणे लावले, पण तिथून हलले कोणी नाही. बाजार म्हटला की शेतकऱ्याला तो कळतो. माल नाशवंत, भाव ठरवणारा दुसराच, हे दुःख कोबीचे आणि बांगड्याचे सारखेच.

तिथे जाळे विणत बसलेल्या एका म्हाताऱ्या दर्यावर्दी माणसाने आम्हाला भरतीचे गणित शिकवले. समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. चढते ती भरती, उतरते ती ओहोटी. हे मुख्यतः चंद्राच्या ओढीने होते. म्हणून वेळ तिथीवरून निघते. तिथीला तीनाने गुणावे आणि चाराने भागावे, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ अदमासे कळते. त्या दिवशी त्रयोदशी होती. तेरा त्रिक एकोणचाळीस. एकोणचाळीस भागिले चार, पावणेदहा. आक्कांनी हे वाळूत काडीने करून पाहिले. पावणेदहाच्या सुमारास पाणी धक्क्याला चढले होते. म्हणे पुनवेला आणि अवसेला पाणी फार चढते, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास कमी चढते, तो भांग. कोकणातल्या माणसाचे पंचांग असे पाण्यात असते.

त्यांनी बोटीच्या गोष्टीही सांगितल्या. पूर्वी मुंबईहून रत्नागिरीला यायचे तर आगबोटीने. आगबोट किनाऱ्यापासून दूर उभी राही आणि माणसे होडीत उतरून काठाला येत. पावसाळ्यात बोटी बंद. 1947 साली 17 जुलैला रामदास नावाची बोट मुंबईहून रेवसला निघाली आणि वादळात बुडाली. सहाशेच्या वर माणसे गेली. देशाला स्वातंत्र्य मिळायला तेव्हा महिनाही उरला नव्हता. कोकणातल्या कित्येक घरांनी पुढे ते नाव नुसते ऐकले तरी डोळ्याला पदर लावला. नंतर रस्ते झाले, प्रवासी बोटी बंद पडल्या, आणि 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली. ती रत्नागिरीजवळ करबुड्याच्या डोंगरातून साडेसहा किलोमीटरचा बोगदा काढून नेली आहे.

तात्यांना दवाखान्यातून सोडल्यावर दुपारी सगळे मिळून थिबा राजाचा वाडा पाहायला गेलो. तात्या रिक्षातून. रत्नागिरीत लोकमान्य टिळकांचे जन्मघर आहे, 1931 साली सर्व जातींना खुले झालेले पतितपावन मंदिर आहे, तेही पाहिले. पण मंडळींच्या मनात राहिला तो थिबा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा, आताच्या म्यानमारचा शेवटचा राजा. 1885 साली इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले. त्याला आणि राणीला मंडालेहून काढले, आधी मद्रासेस आणि मग 1886 साली रत्नागिरीला आणून ठेवले. तेव्हा तो तिशीच्या आतला होता. रत्नागिरीला तेव्हा आगगाडी नव्हती. पाठीशी सह्याद्री, पुढे समुद्र. कैद्याला ठेवायला सोयीची जागा. त्याच्यासाठी टेकडीवर मोठा वाडा बांधला, तो 1910 साली पुरा झाला. वाड्यातून समुद्र दिसतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बोटीही दिसत असणार. त्यातल्या एकीतही त्याला बसता आले नाही. तीस वर्षे या गावात काढून 1916 साली तो इथेच वारला. इंग्रजांनी याच्या आधी दिल्लीच्या बहादूरशहा बादशहाला रंगूनला नेऊन ठेवले होते. तो 1862 साली तिकडे वारला. इकडचा राजा तिकडे, तिकडचा इकडे. थिबाची कबर रत्नागिरीतच आहे. 2012 साली म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष ती पाहायला आले होते.

वाड्याच्या पायरीवर तात्या बसले. म्हणाले, "तीस वर्सं. आन् मला दोन दिसांत घर आठवलं." आक्कांनी त्यांना बिस्किटे दिली. डॉक्टरांनी दर तीन तासांनी थोडे खायला सांगितले होते.

चौदाव्या दिवशी निघालो. आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून पुणे. घाटमाथ्यावर गाडी थांबली तेव्हा कोणी कोणी मागे वळून पाहिले. समुद्र काही दिसत नव्हता, नुसते धुके होते.

चैत्री पुनवेला म्हातोबाची यात्रा झाली, बगाड झाले. त्यानंतर वाकडची काही मंडळी आक्कांकडे आली. त्यांना उन्हाळा संपायच्या आत गणपतीपुळ्याला जायचे होते आणि चिठ्ठ्या लिहून हव्या होत्या. आक्कांनी लिहून दिल्या नाहीत. वही पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "म्या सांगते, तुमी लिवा." तीच चिठ्ठी खाली दिली आहे. रिकाम्या जागी आपली माहिती भरावी. गोळीच्या पाकिटावरचे नाव दुकानदाराकडून वाचून घ्यावे आणि जसे ऐकू येईल तसे लिहावे.

माझे नाव . . . . . . . . . . वय . . . . .
गाव . . . . . . . . . . तालुका . . . . . . . . . . जिल्हा . . . . . . . . . .
मला हा आजार आहे . . . . . . . . . .
मी ही गोळी घेतो / घेते . . . . . . . . . . सकाळी . . . . . रात्री . . . . .
हे औषध मला सोसत नाही . . . . . . . . . .
आज माझा उपास आहे / नाही.
घरी फोन करावा . . . . . . . . . .
माझ्याबरोबर आहेत . . . . . . . . . .